अस्तर भिजवलंय का?

मी ब्लाउज शिवायला लागले तेव्हा माझ्याकडे टेप नव्हती. सुताची दोरी होती. बाई समोर उभी राहिली की छातीभोवती दोरी फिरवायची आणि गाठ मारायची. मग खांदा, बाही, उंची. प्रत्येक मापाला एक गाठ. ती दोरी खिळ्याला टांगून ठेवायची. आमच्या वस्तीवर एका खिळ्याला अशा पंधरा-वीस दोऱ्या लोंबत असत आणि कुठली कुणाची ते मला बघताक्षणी कळायचं.

वस्ती वैजापूरच्या पलीकडे होती. आम्ही मेंढरंवाले. कात्री मी पहिल्यांदा धरली ती लोकर कातरायला. शाळा चौथीपर्यंत झाली. तेवढी पुरे असं घरच्यांना वाटलं आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

पुढं लागोपाठ काही वर्षं पाऊस गेला. पाणवठे आटले, मेंढरं विकली आणि आम्ही दोघं शहरात आलो. आता संभाजीनगर म्हणतात, तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो. बीड बायपासच्या बाजूला जिथं ज्वारीची रानं होती तिथं इमारती उठत होत्या. माझे मालक एका इमारतीवर वॉचमन झाले. आम्हाला मागच्या बाजूला पत्र्याची खोली मिळाली. इमारत पुरी झाली, वर माणसं राहायला आली आणि खाली दुकानांची ओळ निघाली. त्यातलं एक दुकान बुटिकचं. बुटिकवाली तिशीतली, चटपटीत. तिच्याकडे मी शिवायला जाऊ लागले.

तिथं कापणारा माणूस पुढे बसायचा, काचेच्या दारासमोर, मोठ्या टेबलाशी. शिवणाऱ्या बायका मागच्या खोलीत. कापणाऱ्यानं मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, चुकीचा कापला की तो शिवताना सरळ करायचं काम माझं. गिऱ्हाईक मात्र त्याला म्हणायचं, मास्तर, काय बसलाय हो ब्लाउज! चार वर्षं मी हे केलं. गुडघे मशीनला नको म्हणायला लागले होते. तो माणूस पुण्याला जाणार असं कळलं तेव्हा मी बुटिकवालीला विचारलं, "ते टेबल मला देता का?"

"मावशी, तुमचा हात चांगला आहे, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आता बायका समोर उभ्या कुठं राहतात? मोबाइलवर माप पाठवतात. ते कागदावर काढता आलं पाहिजे. तुमच्या दोऱ्या इथं चालायच्या नाहीत."

"कागदावर काढायचं कुठं शिकवतात?"

"कोर्स असतो. फॅशन डिझायनिंगचा. शनिवार-रविवार, सहा महिने. तुम्ही सर्टिफिकेट आणा, टेबल तुमचं. तोपर्यंत मी कसंबसं भागवते."

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. घरी सांगितलं तर मालकांनी तंबाखू मळायची थांबवली.

"आता तू फॅशन करणार व्हय?"

"मी नाय करणार. दुसऱ्याला करून देणार."

"मग निदान टिकली तरी मोठी लाव."

क्लास गुलमंडीत होता, एका कापड दुकानाच्या वर, अरुंद जिन्यानं दोन मजले चढून. सोळा जणी होतो. पंधरा पोरी आणि मी. शिकवणारी मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. घरात तीन पिढ्या वकील आणि कारकून, हिनंच शिवणकाम धरलेलं, असं तिनं पहिल्या दिवशी हसत सांगितलं. माझ्या शेजारी जुन्या शहरातली एक मुलगी बसायची. तिचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाआधी कोर्स संपवायचा तिचा हट्ट होता. ती मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

पहिले दोन आठवडे मॅडमनं चित्रं काढायला लावली. लांबलचक बाई, मान बगळ्यासारखी, पाय संपता संपत नाहीत. मी म्हटलं, "मॅडम, एवढ्या उंच पायांची बाई मी पाहिली नाही."

"मावशी, ते फॅशनचं चित्र असतं. खरी बाई नसते."

"मग हिचा ब्लाउज शिवायचा कुणाला?"

पोरी हसल्या. मॅडमही हसली, पण चित्र काढायला लावलंच. माझी बाई बुटकी निघाली. म्हणून मी ती बसलेली दाखवली.

खरी अडचण पुढं आली. कागदावर ब्लाउज काढायचा तर छातीच्या मापाचा चौथा भाग लागतो, कुठं आठवा, कुठं बारावा. चौथा मला यायचा. आठव्याला मी अडकले. शेजारची मुलगी टेपवरच्या बारक्या रेघा बोटानं दाखवायची, "खाला, ये देखो, ये आधा, ये पाव, ये आधा पाव." मला रेघा मुंग्यांसारख्या दिसायच्या. शेवटी मी पिशवीतून दोरी काढली, छातीच्या मापाची केली आणि तीनदा दुमडली. आठवा भाग हातात आला. तो टेपवर ठेवला आणि आकडा वाचला. मॅडम मागं येऊन उभी होती हे मला माहीत नव्हतं. तिनं सगळ्या पोरींना तसं करून बघायला सांगितलं. मला बरं वाटलं, पण मान खालीच ठेवली.

कात्रीवरून मात्र ती मला रोज बोलायची. मेंढीची लोकर कातरताना कात्री अधांतरी चालते, कारण मेंढी हलते. माझी तीच सवय. कापड उचलून धरायचं आणि हवेतल्या हवेत कापायचं. "मावशी, खालचं पातं टेबलाला टेकवा. कापड उचललं की दोन्ही पदर सारखे निघत नाहीत." मला ते पटत होतं, पण हात ऐकत नव्हता. सहा महिन्यांत तो निम्मा सुधारला.

आता पाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

ती वर्षं दुष्काळाची होती. शहरात ज्यांच्याकडे नळ होते त्यांना आठवड्यानं पाणी यायचं. आमच्याकडे नळच नव्हता. रस्त्यावर टँकर यायचा आणि ज्यानं त्यानं आपली पिंपं आधीपासून ओळीनं लावायची. टँकर कधी येणार ते टँकरवाल्याशिवाय कुणाला ठाऊक नसायचं. पाइप आपल्या पिंपात धरायला माणूस हजर नसलं तर पुढचा त्याच्या पिंपात धरायचा.

ज्यांना शिवणातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक सांगावं लागेल. ब्लाउजला आतून सुती अस्तर लावतात. सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं. वरचं कापड रेशमी असेल तर ते आकसत नाही. मग धुतल्यावर अस्तर आत ओढतं आणि बाहेरचं कापड सुरकुतून गोळा होतं. म्हणून अस्तर आधी पाण्यात भिजवायचं, वाळवून इस्त्री करायचं आणि मगच कापायचं. सगळे असंच करतात. पण आमच्या वस्तीवर प्यायला पाणी नसायचं, तर अस्तराला कोण देणार? तिथं मी दुसरी रीत काढली होती. कोरं अस्तर चिमटीत चोळून बघायचं, त्याची वीण किती विरळ आहे ते ओळखायचं आणि उंचीला अर्धं किंवा एक बोट जास्त कापायचं. शिवताना ते जास्तीचं आत सैल सोडायचं. पहिल्या धुण्यात ते आकसून बरोबर जागेवर बसायचं. तीस वर्षांत माझ्या हातचा एकही ब्लाउज त्या कारणानं परत आला नाही.

परीक्षेचं कापड आम्हाला एका शनिवारी वाटलं. प्रत्येकीनं डब्यातून एक चिठ्ठी उचलायची, तिच्यावर कुणाचं तरी माप, नाव नाही. त्या मापाचा ब्लाउज घरी शिवून पुढच्या रविवारी आणायचा. नेमका त्या शनिवारी सकाळी टँकर आला. दोन पिंपं भरून मी क्लासला पोचले तेव्हा तासभर उशीर झाला होता. मॅडमनं माझ्या हातात कापडाची पुडी आणि उरलेली शेवटची चिठ्ठी दिली. ती दुसऱ्या मुलीचा कागद तपासत होती.

शेजारची मुलगी म्हणाली, "खाला, तुम आने के पहले मॅडम अस्तर का कुछ बताई. पूछ लेओ."

"अस्तराचं मला सांगतीस? तुझा जन्म नव्हता तेव्हापासून मी अस्तर लावते."

"हौ बाबा, तुम तो उस्ताद!" ती हसली आणि आपल्या कामाला लागली.

मॅडम चार हातांवर उभी होती. मी विचारलं नाही.

घरी आल्यावर पुडी उघडली. वरचं कापड मोरपंखी, रेशमासारखं दिसणारं. अस्तर पांढरं, सुती. हाताला कडक लागलं, घडी धारदार, दुकानातून आणल्यासारखी. मी चिमटीत चोळलं, वीण बघितली आणि ठरवलं, पाऊण बोट. आठवडाभर मन लावून काम केलं. कागदावर माप काढलं, आठवा भाग दोरीशिवाय काढला. मालक एकदा येऊन बघून गेले. म्हणाले, "मोर मारला का काय?"

रविवारी परीक्षा घ्यायला बाहेरचे एक मास्तर आले होते. वयस्कर, आयुष्यभर कापण्याचं काम केलेले, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. ब्लाउज घालून दाखवायला ज्यांची मापं होती त्या बायका हजर होत्या. माझ्या चिठ्ठीवरचं माप खुद्द मॅडमचं निघालं. ती पडद्यामागे जाऊन माझा ब्लाउज घालून आली. गळा बसला होता, मुंढा बसला होता. मी हुश्श केलं.

मास्तरांनी मॅडमला हात वर करायला सांगितलं, मग ब्लाउज काढून मागवला आणि उलटा केला. अस्तर पोटापाशी झोळीसारखं लोंबत होतं.

"बाई, हे काय हाय? आत दुसरा ब्लाउज शिवलाय का?"

पोरी खिदळल्या. मी त्यांना माझी रीत सांगितली. कोरं अस्तर, पाऊण बोट, पहिल्या धुण्यात बसेल. ते पूर्ण ऐकून घेत होते. मग मॅडमकडे बघू लागले. मॅडमचा चेहरा उतरला.

"मावशी, अस्तर कोरं नव्हतं. मी सगळ्यांचं घरी भिजवून आणलं होतं. कुणाच्याच घरी पाणी नाही म्हणून. शनिवारी सकाळी सांगितलं की मी."

"कडक लागत होतं."

"भाताची पेज लावली होती. कापायला बरं पडावं म्हणून."

मी म्हटलं, "अस्तरावर बादलीभर पाणी घातलं?"

"दोन बादल्या. सोळा जणींचं मिळून. त्याच पाण्यानं मग फरशी पुसली."

मास्तरांनी चष्मा काढला. "बाई, तुमचं गणित चूक नाही. पण एकदा आकसलेलं कापड परत कुठं आकसणार? हे असंच लोंबत राहील. तुम्ही विचारलं का नाही?"

"मला कळतं असं वाटलं."

"हां," ते म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं. मी एकटी नापास झाले. महिन्यानं दुसऱ्या तुकडीबरोबर परत बसायची मुभा होती.

जिन्यात ती मुलगी माझ्या मागं आली. "खाला, रोते कायकू?"

"रडतंय कोण? हात धर माझा, जिना अरुंद हाय."

तिनं हात धरला. खाली आल्यावर म्हणाली, "मैं बोली थी ना तुमको."

"व्हय, बोलली होतीस," मी म्हटलं. ते तिचं खरं होतं.

घरी मालकांनी विचारलं, "झालं?"

"नापास."

"आणि पोरी?"

"पोरी पास."

ते पोटभर हसले. मीही नंतर थोडी हसले. मग त्यांनी स्वतः चहा ठेवला, दोन कप पाणी मोजून. चहा घेताना म्हणाले, "मेंढरं विकत घेताना तू समोरच्याला शंभर गोष्टी विचारायचीस. दात बघायचीस. तिथं विचारायला लाज वाटत नव्हती, मग इथं काय झालं?"

मेंढराचं मला सगळं कळत नाही हे मला माहीत होतं, म्हणून विचारायचे. शिवणातलं विचारणं म्हणजे पंधरा पोरींसमोर लहान होणं, असं काहीतरी डोक्यात असावं.

बुटिकवालीला जसं घडलं तसं सांगितलं. तिनं काचेतून बाहेर बघितलं. "मावशी, एक महिना थांबते. लग्नसराई आहे, त्यापुढं मला नाही जमणार. एक मुलगा विचारून गेलाय."

"महिनाच पुरे," मी म्हटलं. पुरेल की नाही मला ठाऊक नव्हतं.

त्या महिन्यात मी एका गोष्टीचा विचार केला. पाऊण बोट हे मला कळतं, पण दुसऱ्याला दाखवता येत नाही. मास्तरांनी विचारलं असतं, पाऊणच का, अर्धं का नाही, तर मी काय सांगणार होते? तीस वर्षं शिवते म्हणून? कागदावर माप शिकायला गेले होते ते अस्तरालाही लावता आलं पाहिजे. घरात उरलेल्या चिंध्यांवर मी करून बघितलं. त्यातून जे निघालं ते परीक्षेत वापरलं.

फेरपरीक्षा वर्गातच होती, दिवसभराची. मास्तरांनी स्वतः कापड आणलं होतं. वाटून झाल्याबरोबर मी उभी राहिले.

"मास्तर, अस्तर भिजवलंय का?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ओळखलं. "नाही भिजवलेलं. कोरं हाय."

"पेज लावली का?"

"काही लावलं नाही."

"भिजवायला पाणी हाय का?"

"खालचा नळ कोरडा हाय. हाय तसं कापा, सगळ्यांना सारखंच."

बाकीच्या मुली कापायला लागल्या. मी पिशवीतून डब्यातली वाटी काढली, माझ्या प्यायच्या बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं. अस्तराच्या कडेचा नऊ इंचांचा चौकोनी तुकडा मापून कापला आणि वाटीत बुडवला.

"बाई! परीक्षेचं कापड पाण्यात घालताय?"

"वीतभर."

"मला न विचारता?"

"ते राहिलं," मी म्हटलं. "आता विचारते. घालू का?"

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी तुकडा पिळला, इस्त्रीनं वाळवला आणि परत मापला. नऊ इंचांतून पाव इंच आणि वर थोडं गेलं होतं. ब्लाउजची उंची पंधरा. हिशेब करून अर्ध्या इंचाला जरा कमी आलं. अर्धा धरला. माझ्या बोटानं मी पाऊण इंच सोडलं असतं. म्हणजे तीस वर्षांच्या हातालाही थोडं जास्तच वाटत होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, इथं पहिल्यांदा लिहिते.

संध्याकाळी मास्तरांनी ब्लाउज उलटा केला. अस्तर लोंबत होतंच, पण गेल्या खेपेपेक्षा कमी. मी इस्त्री केलेला तुकडा त्यांच्या हातात दिला आणि शेजारी कागदावर लिहिलेला हिशेब. अक्षर माझं चौथीतलं. त्यांनी स्वतःच्या टेपनं तुकडा मापला, दोनदा.

"आता हे खरं की खोटं ते धुतल्याशिवाय कसं कळणार?" ते म्हणाले.

"मग धुवा."

"आमच्या गल्लीत पाणी गुरुवारी येतं."

"मी रविवारी येते."

त्यांनी ब्लाउज पिशवीत घालून नेला. बाकीच्या मुलींना त्याच दिवशी निकाल मिळाला. माझा मास्तरांच्या गल्लीतल्या नळावर अडकला. गुरुवारी पाणी आलं नाही तर काय, असा विचार बुधवारी मला दोन-तीनदा आला. त्याच आठवड्यात, बुटिकवालीकडे विचारून गेलेला तो कापणारा मुलगा एकदा येऊन टेबल बघून गेला. त्यानं टेबलाची उंची कंबरेला लावून बघितली. मी मागच्या खोलीतून बघत होते.

रविवारी गेले तेव्हा मॅडमही आली होती. मास्तरांनी पिशवीतून ब्लाउज काढला. धुतलेला, इस्त्री केलेला. त्यांनी तो उलटा करून टेबलावर पसरला आणि वरून तळवा फिरवला. अस्तर सपाट पडलं होतं. बाहेरच्या बाजूला एक सुरकुती नव्हती.

"बसलं," ते म्हणाले. "हिनं धुतला," असं म्हणत त्यांनी मोबाइलमध्ये बायकोचा फोटो दाखवला, हातात ब्लाउज धरलेला. "म्हणते, मला पाहिजे."

मॅडमनं माझा हात दाबला आणि सर्टिफिकेट दिलं. मी ते उघडून बघितलं. श्रेणी ब.

"ब का?" मी विचारलं.

"परीक्षेचं कापड परवानगीशिवाय कापलं म्हणून अ नाही," मास्तर म्हणाले.

"बरोबर हाय," मी म्हटलं. आणि खरंच बरोबर होतं.

सोमवारी बुटिकवालीनं सर्टिफिकेट वाचलं, श्रेणीकडे बघितलं नाही. त्या मुलाला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि टेबलावरचा पसारा उचलायला लागली. मी माझी पाण्याची वाटी टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली. वरच्या मजल्यावरची एक बाई कापड घेऊन आली तेव्हा तिला वाटलं ती टाचण्यांची वाटी आहे. तिनं कानातलं काढून त्यात टाकलं आणि ते बुडालं. "अय्या मावशी, पाणी कशाला इथं?"

मी ते काढून पुसून दिलं आणि तिच्या पुडीतलं अस्तर बाहेर घेतलं.

"हे भिजवलंय का?"

"हो."

"कुणी भिजवलं?"

"मीच. असं काय विचारता?"

"पेज लावली का मागून?"

"नाही हो. मावशी, तुम्ही आधी पोलिसात होता का?"

"मेंढरं राखायचे," मी म्हटलं. मग कापड टेबलावर पसरलं, खडूनं माप काढलं आणि खालचं पातं टेबलाला टेकवून कात्री लावली.